वॉर्डाला उंबरा नसतो: बाळंतिणीची विश्रांती आणि भेटायला येणारी माणसं

आजचा विषय ऐकून काही जणांच्या मनात आलं असेल की यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे? दवाखाना म्हटला की गलका आलाच. दोन-तीन दिवस सोसायचे आणि घरी जायचं. आमचं म्हणणं उलटं आहे. बाईच्या आणि बाळाच्या दृष्टीनं हेच दोन-तीन दिवस सगळ्यांत नाजूक असतात, आणि नेमक्या याच दिवसांत तिच्या खाटेभोवती आयुष्यातली सगळ्यांत मोठी गर्दी असते.

आम्ही प्रसूतीनंतरच्या वॉर्डात काम करणारी माणसं आहोत. आज बोलणार आहोत ते सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या सामाईक वॉर्डाबद्दल. खाजगी खोली घेतलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना दार लावून घेता येतं. इथे एका दालनात वीस-तीस खाटा, प्रत्येक खाटेवर एक आई आणि एक बाळ, जवळ एक लोखंडी कपाट, खाली पिशव्या आणि बादली. संध्याकाळी भेटीची वेळ झाली, फाटक उघडलं, की पुढचे दोन तास काय होतं ते तुम्ही पाहिलेलं असेल. न पाहिलेल्यांनी एसटी स्टँडवरचा दिवाळीचा दिवस आठवावा. (हशा)

या गोंगाटावर आपल्याकडे दोनच उपाय केले जातात. एक म्हणजे सोसणं. दुसरा म्हणजे सिस्टरनं येऊन एकदा ओरडणं. दोन्ही का चालत नाहीत आणि मग काय चालतं, हे आज पाहू.

घराला उंबरा होता

थोडं मागे जाऊ. बाळंतपण घरी होत असे तेव्हा बाळंतिणीची खोली वेगळी असायची. बहुतेक घरांत ती आतली, काळोखी, वारा न लागणारी. दहा दिवस सोयर असायचं, बाराव्या दिवशी बारसं आणि सव्वा महिना झाला की बाई घरकामात परत. सोयरामागे विटाळाची कल्पना होती आणि त्या कल्पनेचं आम्ही अजिबात समर्थन करणार नाही. हवा नाही, उजेड नाही, बाईला अस्पृश्य मानायचं, यातून बायकांचं नुकसानच झालं आहे. पण त्या रिवाजाचा एक परिणाम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. येणारी माणसं उंबऱ्याबाहेर थांबायची. आत आई, सासू किंवा सुईण. बाकीच्यांसाठी बाळ बघायचा दिवस ठरलेला, तो बारशाचा.

आणि उंबऱ्यावर एक म्हातारी बसलेली असायची, ती सगळ्यांत महत्त्वाची. "आत्ता निजलीय, नंतर या" हे सांगायचा तिला अधिकार होता, आणि तिचं कोणाला वाईट वाटत नसे. वाटलं तरी ते तिच्या नावावर जायचं, बाळंतिणीच्या नाही.

मग बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि ती व्हायलाच हवी होती. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणं आता संस्थेत होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त आहे. यातून किती आया आणि बाळं वाचली हे वेगळं सांगायला नको. पण या बदलात उंबरा गेला आणि म्हातारीही गेली. वॉर्डाला फाटक आहे, तिथे वॉचमन आहे, पण फाटक सगळ्या वॉर्डाचं आहे. खाटेला उंबरा नाही. त्यातून साधं बाळंतपण असेल तर मुक्काम ४८ तासांचा, सिझेरियन असेल तर त्याहून काही दिवस जास्त. म्हणजे पूर्वी जी भेट सव्वा महिन्यात विखुरलेली असायची, ती सगळी दोन-तीन संध्याकाळींत येऊन कोंबली जाते. माणसं वाईट झालेली नाहीत. त्यांना थोपवणारं काही उरलेलं नाही, इतकंच.

एक आवाज आणि वीस आवाज

आता आवाज वाढतो कसा ते बघू. हे कळलं की "शूऽऽ" का चालत नाही तेही कळेल.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. मीटरभर अंतरावर एक माणूस साधं बोलत असेल तर तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. तेवढ्याच अंतरावर दुसरं माणूस तेवढ्याच आवाजात बोलू लागलं तर बेरीज १२० होत नाही, ६३ होते. चौघांचे ६६, आठ जणांचे ६९, सोळा जणांचे ७२. माणसं दुप्पट झाली की ३ डेसिबलची भर, असा हिशोब. आणि साधारण १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

इथवर ठीक होतं. पण माणूस यंत्र नाही. आजूबाजूला आवाज असला की आपण नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञानं १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये जेवताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तोच हा प्रकार. तुम्ही चढवता म्हणून पलीकडचा चढवतो, त्यानं चढवला म्हणून तुम्ही आणखी. कोणीही मुद्दाम ओरडत नसतं, पण सगळे ओरडत असतात. त्यात वॉर्डाची जमीन फरशीची, भिंतींना टाइल्स, खिडक्यांना काचा. धुवायला सोपं म्हणून हे सगळं गुळगुळीत असतं आणि ते असलंच पाहिजे. पण गुळगुळीत पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परत फेकतो.

म्हणून एकट्या कुटुंबाला "हळू बोला" सांगून उपयोग होत नाही. ते अर्धा मिनिट हळू बोलतात, पण बाकीच्या वॉर्डाचा आवाज तसाच असतो, त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, आणि आवाज परत चढतो. सिस्टर एकदा मोठ्यानं ओरडते तेव्हा सगळे एकदम थांबतात, पण माणसं तेवढीच राहिल्यामुळे पाच मिनिटांत गाडी पूर्वपदावर. उलट माणसंच अर्धी झाली तर दुहेरी फायदा होतो. बोलणारे कमी झाल्याचा एक, आणि उरलेल्यांना आवाज चढवावा लागत नाही हा दुसरा. थोडक्यात, बोलण्याचा आवाज कमी करा असं सांगण्यापेक्षा एका वेळची माणसं कमी करणं सोपं आणि टिकाऊ.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये आवाजाबद्दल मार्गदर्शक मर्यादा दिल्या. त्यात रुग्णांच्या खोल्यांमधला सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय. ही मर्यादा गाठलेला वॉर्ड जगात कुठेही शोधावाच लागेल, तेव्हा आकडा ध्येय म्हणून ठेवू. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रुग्णालयाभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसा ५०, रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. गंमत बघा, पाटी बाहेर रस्त्यावर लागते, रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवू नये म्हणून. आतमध्ये आपण स्वतः त्याच्या वरताण असतो.

आईच्या शरीरात काय घडतं

आता मुख्य मुद्द्याकडे. आवाजानं डोकं दुखतं, चिडचिड होते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे तीन गोष्टी होतात.

पहिली गोष्ट दुधाची. बाळ अंगावर ओढू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं आणि पान्हा फुटतो. भीती, लाज, वेदना, ताण यांनी हा पान्हा काही वेळ अडतो. गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो ना, जवळ परकं माणूस उभं राहिलं की चोरते. बाईचं शरीरही त्याच नियमानं चालतं. ती "चोरत" नसते, तिच्या हातात ते नसतंच.

आता ही साखळी नीट ऐका, कारण आम्ही ती रोज पाहतो. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी. भेटीची वेळ दोन तासांची. शेजारच्या खाटेवर चार पुरुष बसलेत, मधला पडदा अपुरा आहे किंवा नाहीच. बाई पदर घट्ट घेऊन बसते आणि पाजणं पुढे ढकलते. बाळ या हातातून त्या हातात फिरतंय. भूक लागल्याच्या खुणा लवकर दिसतात, बाळ तोंड उघडून इकडे तिकडे वळवतं, मूठ चोखतं, ओठ चाटतं. पण ज्याच्या मांडीवर ते आहे त्याला त्या खुणा कळत नाहीत. रडणं ही सगळ्यांत शेवटची खूण आहे. बाळ रडू लागतं. तापलेलं बाळ छातीला नीट लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "अगं, हिला दूधच नाही. पोरगं उपाशी आहे. पावडरचं आणा." पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक येतो, तो थेंब-थेंबच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. पण पाहुण्यांना हे माहीत नसतं आणि बाईला तेव्हा वाद घालायची ताकद नसते. पावडरचं दूध येतं, बाळ पोटभर पिऊन झोपतं, अंगावर ओढत नाही, आणि न ओढल्यामुळे दूध खरंच कमी होतं. घरी जाताना बाई डोक्यात पक्कं करून जाते की मला दूध पुरत नाही. सुरुवात कुठून झाली होती? एका संध्याकाळच्या गर्दीतून.

दुसरी गोष्ट झोपेची. बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यानं. आईलाही तुकड्यांतच झोपावं लागतं. आपली नेहमीची समजूत अशी की दुपारी झोप मोडली तर रात्री भरून काढू. इथे रात्र नसतेच. एक तुकडा गेला की गेला. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बायकांना विनाकारण रडू येतं, उदास वाटतं. हे बहुतेकींचं आपोआप निवळतं, पण त्याच्या आधीचे दोन दिवस झोपच झाली नसेल तर ते जास्त जड जातं. आणि जिला पूर्वी मानसिक आजार झालेला आहे तिच्या बाबतीत झोप मोडणं हा खरा धोका आहे. अशा बाईची झोप औषधाइतकीच सांभाळावी लागते.

तिसऱ्या गोष्टीकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, आणि खरं तर ती पहिली सांगायला हवी होती. बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि त्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यांत जास्त असतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, चक्कर येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, भयंकर डोकेदुखी, धाप लागणं, थंडी वाजून ताप येणं, अशी एकही खूण दिसली की लगेच सिस्टरला सांगायचं. पण समोर सासरची आठ माणसं बसलेली असताना कोणती नवी आई म्हणेल की माझं पॅड भिजलंय? ती म्हणते, "पाहुणे गेले की सांगू." सिस्टर येऊन जाते, तिला खाटेभोवतीच्या गर्दीतून बाईचा चेहराच दिसत नाही. मोठा सामाईक वॉर्ड मुळात कशासाठी असतो? एका नजरेत सगळे रुग्ण दिसावेत म्हणून. गर्दीनं ती नजरच अडते. म्हणून भेटीची वेळ हा फक्त आवाजाचा प्रश्न नाही.

मग सगळ्यांना बाहेर काढायचं का?

हा मोह आम्हालाही होतो. पण ते चुकीचं आहे. बाळंतिणीला सोबत लागते. सिझेरियन झालेल्या बाईला पहिल्या दिवशी कुशीवर वळायलाही हात लागतो. बाळाचं दुपटं बदलणं, तिला संडासापर्यंत धरून नेणं, कागदपत्रांसाठी धावपळ करणं, हे सगळं घरचं माणूस करतं. आमच्याकडच्या सिस्टरांची संख्या पाहता ते नसेल तर वॉर्ड चालणार नाही, हे उघड बोललं पाहिजे. कळा देताना आपल्या पसंतीचं माणूस जवळ असावं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते.

म्हणून आम्ही दोन शब्द वेगळे ठेवतो. सोबत आणि भेट. सोबतीला असलेलं माणूस बाईसाठी असतं. भेटीला आलेलं माणूस बऱ्याचदा नात्यासाठी आलेलं असतं. त्याला जावंच लागतं, न गेलं तर "बघायलासुद्धा आले नाहीत" असं होतं. हातात बाळंतविडा, डिंकाच्या लाडवांचा डबा, मनात प्रेम. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. फक्त सोबतीचे हक्क भेटीला द्यायचे नाहीत. सोबतीण दिवसभर राहील. भेट पाच मिनिटांची, एका वेळी दोघांची, आणि खाटेवर न बसता.

वाईटपणा कोणी घ्यायचा?

आता उपाय. सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्याकडे पाहुण्याला "आता निघा" म्हणणं म्हणजे वाईटपणा घेणं. आणि आज हा वाईटपणा घ्यायची वेळ टाके पडलेल्या, झोप नसलेल्या, नुकत्याच सून किंवा आई झालेल्या बाईवर येते. ती तो घेऊ शकत नाही. म्हणून तो आधीच कोणाकडे तरी सोपवून ठेवायचा.

घरच्यांसाठी. आठव्या-नवव्या महिन्यात दवाखान्याची पिशवी भरता ना, तेव्हाच हे काम करून टाका. घरातलं एक माणूस ठरवा, ज्याचं सगळे ऐकतात. शक्यतो सासरच्या बाजूचं वडीलधारं, म्हणजे सासूबाई, आत्या, थोरल्या जाऊबाई. सुनेनं सांगितलं तर आगाऊपणा ठरतो, सासूबाईंनी सांगितलं तर शिस्त ठरते. (हशा) या माणसानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच लिहायचं. मजकूर साधा ठेवा: "बाळ झालं की लगेच कळवू, फोटोही पाठवू. दवाखान्यात जागा कमी आहे आणि डॉक्टरांनी गर्दी करू नका असं सांगितलंय. सगळ्यांनी बारशाला निवांत या." डॉक्टरांचं नाव खुशाल घ्या. आमची हरकत नाही, आम्ही खरंच सांगतो.

जे येणारच आहेत त्यांना दिवस वाटून द्या. सगळे पहिल्याच संध्याकाळी नकोत. शक्य असेल तर भेट वॉर्डाबाहेर, व्हरांड्यात करा. मिठाई तिथेच वाटा, गप्पा तिथेच होऊ द्या. आत एकेकानं जाऊन यावं. बाळ शक्यतो आईजवळच राहू दे. आणि व्हिडिओ कॉल? गावाकडच्या आजीला बाळ दाखवायचंच आहे, ते आम्हाला कळतं. पण फोन स्पीकरवर ठेवून दहा मिनिटं "दिसतंय का, दिसतंय का" चालू असतं, ते पंधरा खाटांना ऐकू जातं, आणि मागे शेजारची बाई पाजत असेल तर तीही त्या पडद्यावर दिसते. तेव्हा आत फक्त बाळाचा छोटा व्हिडिओ काढा आणि बाहेर जाऊन पाठवा. मुलांना रमवायला मोबाइलवर गाणी लावून देणंही नको.

शेजारच्या खाटेवर गोंगाट असेल तर. इथे एक साधी युक्ती आहे. पाहुण्यांना बोलू नका, त्यांच्या सोबतिणीला बोला. पाहुणे तासाभराचे, सोबतीण तुमच्याबरोबर दोन दिवस आहे. तुम्ही दोघी एकाच नळावर पाणी भरता, एकमेकींचं बाळ धरता. आणि गोंगाट सुरू असताना नको, तो सुरू व्हायच्या आधी बोला. "मावशी, तुमच्याकडे आज माणसं येणार असतील ना? आमची रात्रभर जागी होती, आत्ताच डोळा लागलाय. जरा बाहेरच बसवाल का?" ही विनंती आहे, तक्रार नाही. आणि बदल्यात तुमच्या पाहुण्यांनाही तुम्ही बाहेर बसवणार आहात, हे सांगून टाका. चार खाटांनी एवढं ठरवलं तरी तेवढा कोपरा शांत होतो. ऐकलंच नाही तर प्रमुख सिस्टरला सांगा. त्यात संकोच नको, ते आमचं कामच आहे.

बाईसाठी. भेटीच्या वेळेआधी अर्धा तास बाळाला पाजून घ्या. भेटीच्या वेळेत बाळानं भूक दाखवली तर सोबतिणीला ओढणी किंवा चादर धरायला सांगा आणि भिंतीकडे तोंड करून पाजा, थांबू नका. सोबतिणीबरोबर एक खूण ठरवून ठेवा. म्हणजे तुम्ही "मला पाणी हवंय" म्हणालात की तिनं समजायचं, पाहुण्यांना उठवायचंय. कानात कापूस घालायचा असेल तर सोबतीण जागी असतानाच, कारण बाळाचा आणि सिस्टरचा आवाज कोणाला तरी ऐकू आला पाहिजे.

आणि आमच्यासाठी, म्हणजे रुग्णालयासाठी. नुसती "शांतता राखा" ही पाटी उपयोगाची नाही. एका खाटेला दोन पास, तेही आलटून-पालटून, हे फाटकावरच व्हायला हवं. दुपारी दोन तास सक्तीची विश्रांती, त्या वेळी सफाई नाही, राउंड नाही, मोठे दिवे बंद. कारण खरं सांगायचं तर वॉर्डातला निम्मा आवाज आमचाच असतो. ट्रॉलीची चाकं, लोखंडी स्टूल ओढणं, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नावानं हाका मारणं. पाहुण्यांना गप्प करायच्या आधी ट्रॉलीला तेल घालायला हवं. आणि प्रत्येक खाटेला पूर्ण फिरणारा पडदा. पडद्यानं आवाज फारसा अडत नाही, हे लक्षात असू द्या, पण नजर अडते, आणि पान्ह्यासाठी तेही तितकंच गरजेचं आहे.

हळू आवाजातलं बोलणं

एक शेवटचा मुद्दा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० च्या आसपास शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिचं म्हणणं असं की रुग्णाला नुसत्या मोठ्या आवाजापेक्षा कुजबुज जास्त त्रास देते, कारण तो कान देऊन ऐकत राहतो. आमच्या वॉर्डात हे रोज खरं ठरतं.

मुलगा झाला की मुलगी हे मिठाईच्या पुड्यावरून ओळखायची आपल्याकडे पद्धत आहे. एका खाटेवर पेढ्यांचा जल्लोष चाललेला असतो, आणि शेजारच्या खाटेपाशी दबक्या आवाजात, "दुसरीही मुलगीच का? असू दे, पुढच्या वेळी बघू." हे वाक्य चाळीस डेसिबलचंसुद्धा नसतं. ते त्या बाईला आयुष्यभर ऐकू येतं. आणखी एक खाट असते. तिथे बाई आहे, बाळ नाही. ते वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, किंवा राहिलेलं नाही. सामाईक वॉर्डात तिला वेगळी जागा देता येईलच असं नाही. तिच्या शेजारी बसून तुम्ही फोटो काढता, नाव काय ठेवायचं यावर वाद घालता, आणि तिच्या सोबतिणीला विचारता, "तुमचं बाळ कुठंय?" यात कोणाचा हेतू वाईट नसतो. पण शेजारी कोण आहे हे न बघता बोलणं हाही गोंगाटच.

काही प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे म्हातारी माणसं गावाहून दोन-दोन बस बदलून येतात. त्यांना पाच मिनिटांत परत कसं पाठवायचं?

पाठवू नका. त्यांची भेट पाच मिनिटांची, पाहुणचार बाहेर. व्हरांड्यात किंवा कोणाच्या घरी त्यांना चहा द्या, बसवा, बोला. त्यांचा मान राखायचा तो घरच्यांनी, बाळंतिणीनं उठून बसून नाही.

प्रश्न: नवऱ्यालाही पाहुणा धरायचं का?

अजिबात नाही. तो बाळाचा बाप आहे. पण सामाईक वॉर्डात बाकीच्या बायका पाजत असतात, म्हणून पुरुषांना दिवसभर आत राहू देता येत नाही. फाटकावरचं काम मात्र त्याच्याइतकं चांगलं कोणी करू शकत नाही. आपल्या बाजूच्या माणसांना आपणच थांबवायचं, ते बायकोवर सोडायचं नाही.

प्रश्न: नातेवाईक रागावले तर?

रागावतील. बारशाला मांडीवर बाळ दिलं की विसरतील. आणि एखाददुसरा नाही विसरला, तर तो राग ज्यानं वाईटपणा घ्यायचं कबूल केलं होतं त्याच्या खात्यावर. बाळंतिणीच्या नाही, एवढं सांभाळलंत तरी आजच्या व्याख्यानाचं काम झालं.